पाणाड्याचा नारळ

जालना जिल्ह्यात आमची मोसंबीची बाग आहे. त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि मार्चमध्येच विहिरीनं तळ गाठला. झाडांची पानं वळायला लागली. वडिलांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि पंचक्रोशीत नाव असलेल्या पाणाड्याला बोलावलं. वयस्कर माणूस, सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णा अनवाणी चालले. तळहातावर आडवा नारळ. बांधाजवळ तो एकदम उभा राहिला. तिथं त्यांनी दगड रोवून घेतला. "दोन झरे मिळतात इथं. दोनशेच्या आत पाणी लागेल." पैसे त्यांनी मागितले नाहीत. वडिलांनी आपणहून टॉवेल-टोपी आणि थोडी दक्षिणा दिली.

बोअरची गाडी रात्री आली. दोनशे फुटांपर्यंत नुसता राखाडी फुफाटा. "अजून थोडं जाऊ" म्हणत चारशे गाठले. खोल जावं तसा फुटाचा दर वाढतो, केसिंगचे पैसे वेगळे. पहाटे गाडी निघून गेली. वडील बांधावर बसून होते. त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी घरी निघून आलो.

काही दिवसांनी अण्णा स्वतःच आले. झरा थोडा बाजूला असेल म्हणाले आणि आणखी काही जागा दाखवल्या. तिथंही दगड ठेवले. मग मी विचारलं, "अण्णा, राग मानू नका. डोळ्यांवर उपरणं बांधून याच जागा पुन्हा दाखवाल का?"

"बांध की. मला काय लपवायचंय?"

मी त्यांचा दंड धरून उलटसुलट वळणं घेत फिरवलं. नारळ उभा राहिला, पण भलतीकडेच. त्यांच्याच दगडांवरून गेलो तेव्हा तो आडवाच होता. पुन्हा केलं, तरी तेच. अण्णांनी उपरणं सोडलं, दगडांकडे बघत राहिले. "आज हात चालत नाही," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं.

अण्णा लबाड नव्हते, हे मी आजही सांगेन. जागा मनात भरली की हात नकळत कलतो आणि नारळ उठतो. धरणाऱ्याला ते आपण केलं असं वाटतच नाही. मायकेल फॅरडेनं 1853 मध्ये, प्रेतात्मे हलवतात म्हणून गाजलेल्या टेबलांवर हे दाखवून दिलं होतं. टेबल हलत होतं ते वर हात ठेवून बसलेल्यांच्याच नकळत दिलेल्या रेट्यानं. जर्मनीत कासेल इथं 1990 मध्ये सुमारे 30 पाणाड्यांची परीक्षा झाली. जमिनीत 50 सेंटिमीटरवर नळ पुरला होता. पाणी वाहतंय की नाही, हे त्यांना अंदाजापलीकडे सांगता आलं नाही.

मग अण्णांचं नाव कसं झालं? आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या वरच्या मुरमात बऱ्या पावसाळ्यानंतर पुष्कळ ठिकाणी थोडंफार पाणी असतंच. लागलेलं बोअर गावभर होतं. कोरडं गेलेलं घरातच राहतं. आमचंही वडिलांनी कोणाला सांगितलं नाही.

आम्हाला उपयोग झाला तो भूवैज्ञानिकाचा. त्यांनी यंत्र लावण्याआधी आमची विहीर बघितली, कोणत्या थरातून ओल येते ते पाहिलं, शेजाऱ्यांच्या विहिरींची पातळी विचारली. मग जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजला. म्हणाले, नवं बोअर घेऊच नका. विहिरीतूनच नाल्याच्या अंगाला आडवे बोअर मारा आणि नाल्यातला गाळ काढा. तसं केलं. अर्धी बाग वाचली. खालच्या तुकड्यातली झाडं तोडावी लागली.

तुमच्याकडे बोअर घ्यायचं असेल तर गाडी बोलावण्याआधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन या. आणि घरातली मोठी माणसं पाणाड्यासाठी अडून बसलीच, तर वाद घालू नका. त्यानं दाखवलेल्या जागांवर दगड ठेवा आणि त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधून त्याच जागा पुन्हा विचारा.