मी ‘ऑन’च्या बाजूचा होतो

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत नेटवर्क उभं करताना माझं एक मत पक्कं असायचं. दोन स्विच दोन केबलनी जोडायचे असतील, तर सिस्कोच्या स्विचवर दोन्हीकडे ‘चॅनल-ग्रुप १ मोड ऑन’ लिहा आणि मोकळे व्हा. नुसत्या दोन केबल लावल्या तर नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ नये म्हणून स्विचमधला स्पॅनिंग ट्री त्यातली एक अडवून ठेवतो. या ओळीमुळे दोन्ही मिळून एकच वाट होते, हेच ईथरचॅनल.

हीच जोडी दोन्ही टोकांच्या निरोपांवरून जमवणारी एलएसीपी मला लुडबुड वाटायची. पोर्टांनी एकमेकांना सारखे निरोप कशाला पाठवायचे? प्रोटोकॉल कमी तितक्या भानगडी कमी, असं मी नव्या पोरांना ऐटीत सांगायचो. त्याला इतिहासाचा आधारही द्यायचो. ईथरचॅनल काढलं ते कल्पना नावाच्या अमेरिकेतल्या कंपनीने. विनोद भारद्वाज तिचे एक संस्थापक. सिस्कोने ती १९९४मध्ये विकत घेतली. एलएसीपीचं ८०२.३एडी हे मानक आलं २०००मध्ये. म्हणजे तिच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं!

मत फिरलं ते मीडिया कन्व्हर्टरमुळे. दोन शेडमधलं अंतर शंभर मीटरच्या पुढे गेलं की तांब्याची केबल चालत नाही, फायबर टाकावी लागते. पैसे वाचवायला पुष्कळ ठिकाणी स्विचमध्ये फायबरचं मॉड्यूल न घालता दोन्ही टोकांना तांब्याची केबल फायबरला जोडणारे कन्व्हर्टर बसवतात. मग आवारात जेसीबी येतो, फायबर तोडतो. पण कन्व्हर्टर आणि स्विच यांच्यामधली हातभर केबल शाबूत असते. कन्व्हर्टर साधा, म्हणजे फायबर तुटल्याचं स्विचला न कळवणारा असेल, तर पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. ‘ऑन’ला तेवढं पुरतं. निम्मी रहदारी तो त्या मेलेल्या वाटेवर ढकलत राहतो, आणि ‘शो ईथरचॅनल समरी’मध्ये दोन्ही पोर्टांपुढे ‘पी’ दिसतो, म्हणजे दोन्ही जोडीत सामील. तक्रारही विचित्र येते : एका टेबलावर ईआरपी चालतं, शेजारच्या टेबलावर नाही.

एलएसीपी दिव्यावर विश्वास ठेवत नाही. तिचा निरोप एरवी दर ३० सेकंदांनी येतो. ९० सेकंद काहीच आलं नाही की तो पोर्ट जोडीतून बाहेर. ‘फास्ट’ केलं तर हाच निकाल ३ सेकंदांत लागतो. कारखान्यात ९० सेकंद फार झाले, म्हणून स्विचला जमत असेल तिथे मी आता ‘फास्ट’च ठेवतो.

वेगाचं बोलणंही मी कमी केलं आहे. जायकवाडी धरणाचं पाणी पूर्वी ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जलवाहिन्यांतून शहरात यायचं, तसे एक आणि एक गिगाबिट मिळून दोन, असं ग्राहकाला पटकन पटतं. पण इथे पत्त्यांच्या हिशोबाने एक संवाद एकाच केबलला नेमून दिलेला असतो. कॅमेरे पुष्कळ असतील तर भार विभागतो. एकाच सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप मात्र एका गिगाबिटच्या पुढे जात नाही.

‘ऑन’ मी अगदीच टाकलेला नाही. व्हीएमवेअरच्या साध्या आभासी स्विचला एलएसीपी कळत नाही, तिथे जोडी करायचीच तर दुसरा इलाज नाही. बाकी सगळीकडे दोन्ही टोकांना ‘ॲक्टिव्ह’ लिहा. दोन्हीकडे ‘पॅसिव्ह’ ठेवलंत तर जोडी जमणारच नाही, कारण पहिला निरोप कुणीच पाठवत नाही.