रानजायफळाची राई

पिंपळे सौदागरांत पवनेच्या कांठचीं शेतें जाऊन आतां उंच इमारती उभ्या आहेत. परंतु आमच्या वाण्याकडे मसाल्याच्या जिनसांत रामपत्री अजून मिळते. पुष्कळ गृहिणी तिला हलकी जायपत्री समजतात. वस्तुतः ती निराळ्याच झाडाची. जायफळ मूळचें दूरच्या बांदा बेटांतलें. रामपत्री म्हणजे आपल्या सह्याद्रींतील एका रानजायफळाच्या बियेवरचें वेष्टन. अमरकोशांत जातीकोश व जातीफल हे शब्द समानार्थी दिले आहेत, इतकी या फळाची ओळख जुनी.

याच कुळांतील, पाण्यांत उभें राहणारें दुसरें एक झाड पाहण्याकरितां गेल्या मार्गशीर्षांत आम्ही आंबोलीचा घाट उतरून दोडामार्ग तालुक्यांतील हेवाळे-बांबर्डे येथें गेलों. देवराईंत शिरतांच पायांखालची जमीन मऊ झाली. भर दुपारीं सांजेसारखा अंधार, आणि झऱ्याचें पाणी सर्वत्र झिरपत होतें. वनस्पतिशास्त्रांत या झाडास मिरिस्टिका मॅग्निफिका म्हणतात. खोडापासून निघालेलीं मुळें केवड्याप्रमाणें चिखलांत रोवलेलीं. कांहीं तर गुडघ्यासारखीं वांकून वर आलेलीं. चिखलांत हवा नसते, म्हणून श्वासासाठीं ही युक्ति. सालीवर घाव घातल्यास रक्तासारखा तांबडा रस येतो, असें वाटाड्या म्हणाला. तो पाहण्याचा आग्रह मीं धरला नाहीं.

या झाडांत नर व मादी निराळीं असतात; म्हणजे एकटें झाड कितीही उंच वाढलें तरी निर्वंशच. बी मोठें, धनेश पक्षी तें दूर नेतो. परंतु तें वाळलें कीं मेलें. धान्याप्रमाणें डब्यांत भरून ठेवण्याची सोय नाहीं. तेव्हां एखाद्या उत्साही गृहस्थानें खिशांत चार बिया घालून पुण्यास आणण्याचें मनांत आणूं नये!

पश्चिम घाटांत अशा दलदली पुष्कळ होत्या. भातशेतीसाठीं व सुपारीच्या बागांसाठीं त्यांचें पाणी वळविलें गेलें आणि झाडें गेलीं. जेथें देव होता तेथें राई राहिली; गोव्यांत सत्तरी तालुक्यांतील बांबर येथील निरंकाराची राईही अशीच वांचली. बांबर्ड्याच्या सुमारें २.५ हेक्टर जागेस महाराष्ट्र शासनानें २०२०-२१ सालीं जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. हें उत्तम झालें. मात्र कुऱ्हाड अडविण्यास देवाचा धाक पुरतो. पाणी अडविणाऱ्याला तो राईबाहेर, वरच्या अंगाला, तितकासा वाटत नाहीं, आणि झरा तर तिकडूनच येतो.