अडकलेला पडदा

फिनिक्सचं ऊन किती कडक, ते इथल्या मंडळींना काय सांगायचं! त्यात आमच्या गाडीच्या मागच्या काचेचा विजेवर चालणारा पडदा अर्ध्यावरच अडकला, आणि मागे बसणार मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आई. गॅरेजवाला म्हणाला, "अख्खा संचच बदला."

आम्ही उभयतांनी आधी बटण दाबून कान लावला. मोटर गुरगुरत होती. म्हणजे फ्यूज शाबूत, बिघाड यांत्रिक. आवाजच नसता, तर तपासणी फ्यूजपासून. पडदा हाताने ओढला नाही, दांडे वाकतात. वीज तोडून आवरण उघडलं, तर उन्हाने ठिसूळ झालेली प्लास्टिकची बारकीशी बुश फुटलेली. ती बदलली, पडदा सरसर वर!

आई म्हणाल्या, "ह्यांनीही रेडिओ असाच वीस वर्षं चालवला."

तेव्हा मंडळी, नवा संच मागवण्याआधी कान लावून बघाच.