वर आलेला गाळ

भाचीने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. "मामा, यातलं आर्सेनिकचं पाणी कोणतं?" दोन्ही खिडकीकडे धरून पाहिल्या आणि उजवीकडची छातीठोकपणे दाखवली. ते नळाचं पाणी निघालं.

तीस वर्षं सुरतच्या पांडेसऱ्यात डाईंग मिलच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, माझी ओळख या नजरेचीच. जारमध्ये हिराकस-चुना पडला की गाळ कसा बांधतोय ते पाहून मी डोस सांगायचो, रिपोर्ट मागून यायचा. गोडादऱ्यात पोरं हे शिकायला घरी यायची आणि मला ते फार सुखवायचं. यंदा मोतीबिंदू काढला, पण ती घमेंड काही निघाली नव्हती. आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. गडचिरोलीला लागून छत्तीसगडात कौडीकसा आहे. तिथल्या पाण्यात खडकातलं आर्सेनिक उतरतं हे 1999 साली छापून आलं. तोवर लोक तेच पीत होते.

साबण माझा जन्माचा वैरी. धुलाईचं पाणी आलं की गाळ बसतच नाही. पाण्यातलं आर्सेनिक काढायच्या प्रयोगात भाचीने तोच मुद्दाम घातला, टूथपेस्टमधला सोडियम लॉरिल सल्फेट. आधी ब्लीचिंग पावडर, कारण आर्सेनाइटवर भार नसतो, ते लोखंडाला नीट धरत नाही. त्याचं आर्सेनेट करावं लागतं. मग फेरिक क्लोराइड, पाणी जरा आंबट. आर्सेनेट तांबूस कणांना चिकटलं, कणांना साबण चिकटला, खालून हवा सोडली आणि गाळ बुडबुड्यांना धरून वर आला, तपकिरी सायीसारखा. जन्मभर मी गाळ खाली बसवला!

पण साबण थेंबभर जास्त झाला की कणावर दुसरा थर चढतो, कण पुन्हा पाण्यात मिसळतो आणि गाळ मध्येच लटकतो. आठ दिवस मी तो थेंबच शोधतोय. काल जमलं, आज त्याच मापाने बिघडलं. रात्री झोपेतही तोच जार दिसतो. आणि तो फेस गटारात सोडला तर सगळी मेहनत वाया; विष त्याच्यातच आहे.

फिल्टर विकणारे सोसायटीत टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा, पेन बुडवून पाणी शुद्ध ठरवतात, याचा मला संताप येतो. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. तो पेन मिलिग्रॅममध्ये मोजतो. मर्यादेच्या शंभरपट विष असलं तरी आकडा जेमतेमच हलेल.

बोअरचं पाणी पीत असाल तर प्रयोगशाळेत आर्सेनिकचं नाव घेऊन तपासणी मागा. न मागता ते मोजतीलच असं नाही.