मामींचं डिकॉक्शन

आमच्या घरी कॉफी व्हायची ती जायफळाची. दूध, साखर आणि कॉफीची पूड एकत्र उकळायची, वर जायफळ किसायचं. तेही कुणी आजारी असलं किंवा अवेळी पाहुणे आले तरच. १९८४ साली आम्ही माटुंग्याला राहायला गेलो, तेव्हा आईनं शेजारच्या मामींना मोठ्या कौतुकानं ही कॉफी दिली. मामींनी कप संपवला, पदरानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "छान. पायसम् छान."

मामी पालघाटच्या. मराठी शिकल्या त्या भाजीवालीकडून, त्यामुळे सगळ्यांना अरे-तुरे, माझ्या वडिलांनासुद्धा. फिल्टर लावायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांचा फिल्टर पितळी, आतून कल्हई केलेला. पूड बाजारातल्या दुकानातून डोळ्यांदेखत दळून आणायची, एका वेळी शंभर ग्रॅमच. निम्मी प्लँटेशन ए, निम्मी पीबेरी, म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरते ती. त्यात वीस टक्के चिकोरी. "चिकोरी म्हणजे भेसळच ना?" असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या भाजलेल्या मुळीनं डिकॉक्शनला रंग येतो, दाटपणा येतो, हे खरंच. पण पुढे ४९ टक्के चिकोरीची पाकिटं पाहिली तेव्हा माझा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता असं वाटलं.

पूड मैद्यासारखी झाली तर भोकं बुजतात, जाड रव्यासारखी झाली तर पाणी नुसतंच खाली पळतं. वरच्या भांड्यात ती चकतीनं "दाबायची नाही, बसवायची". उकळतं पाणी गॅसवरून उतरवून आधी थोडंसंच ओतायचं, पूड फुगू द्यायची, मग उरलेलं. पुढे वीस मिनिटं हात लावायचा नाही. मला कुठला धीर! मी फिल्टरवर टिचक्या मारायची. "झोपलेलं पोर उठवतेस?" मामी ओरडायच्या. दूध मात्र त्याच वेळी तापवलेलं हवं, सकाळचं साय धरलेलं नको. आणि उरलेलं डिकॉक्शन पुन्हा गॅसवर चढवणाऱ्याला त्यांच्या घरी क्षमा नव्हती. भोकं बुजलीच तर पूर्ण सुकवलेली स्टीलची चाळणी ज्योतीवर धरायची. पितळीवर हा प्रयोग नाही, कल्हई वितळते. हे मी एकदा करून बसले आहे.

आई हिशेबी. कालनिर्णयच्या चौकटीत दुधाबरोबर उसनवारीही लिहायची: 'मामी, साखर १ वाटी'. फेडली की काट. वाटी रिकामी परत जायची नाही; साखरेच्या वाटीतून खोबऱ्याची वडी जायची, मग मामींकडून मुरुक्कू यायचे, आणि देवघेव कधी संपायचीच नाही.

१९८८च्या जूनमध्ये वडिलांना परळच्या इस्पितळात ठेवलं. अकरा रात्री आई बाकावर बसून. पहाटे पाचला मामी दारात उभ्या असायच्या, हातात औषधाची जुनी बाटली, गरम पाण्यानं धुतलेली, आत काळंभोर डिकॉक्शन. पहिल्या बसनं मी ती घेऊन जायची. कँटीनमधून गरम दूध घ्यायचं, बाटलीतलं दोन बोटं ओतायचं. आई तो कप दोन्ही हातांत धरून बसायची, बोलायची नाही. मामींना तेव्हा गुडघ्यांचा त्रास होता, आणि पाचला डिकॉक्शन तयार हवं तर उठायचं किती वाजता, याचा हिशेब मी तेव्हा केला नाही.

मामी पुढे मुलाकडे चेन्नईला गेल्या. जाताना पितळी फिल्टर माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या, न विचारता.

आई गेल्यावर माळ्यावर जुन्या कॅलेंडरांची चळत सापडली. मागच्या पाककृतींसाठी तिनं ती जपली होती. १९८८चा जून काढला. टॅक्सीचे पैसे आहेत, औषधांचे आहेत, कँटीनच्या दुधाचे रोजच्या रोज आहेत. बाटलीचं कुठंच काही नाही.