लॅपटॉपमधला खोत

आपल्या वस्त्यांत आता लॅपटॉप आले आहेत. कुणी हप्त्यावर घेतला, कुणी मुंबईहून सेकंडहँड आणला, कुठे एखाद्या संस्थेने विहारातल्या अभ्यासिकेला दिला. ‘डिजिटल दरी मिटली’ अशी भाषणेही सुरू झाली. माझा प्रश्न साधा आहे. यंत्र आपल्या हातात आले, पण त्या यंत्रावर हुकूम कोणाचा चालतो?

नवा लॅपटॉप उघडला की त्यात विंडोजबरोबर आणखी दहा-पंधरा गोष्टी आधीच भरलेल्या असतात. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा ‘मदतनीस’, कंपनीचा स्वतःचा ‘अपडेटर’, तीस दिवसांचा अँटीव्हायरस, गेम, जाहिराती. आपण त्या मागितलेल्या नसतात. कंपनीला मात्र त्यातल्या अनेकांचे पैसे मिळतात. स्वस्त मशीनवर नफा कमी, म्हणून तिथे हा कचरा जास्त. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या दुकानांत हा कचरा काढून लॅपटॉप स्वच्छ करून देण्याचे ९९ डॉलर घेतले जात. म्हणजे स्वच्छ यंत्र ही पैसेवाल्याची गोष्ट, आणि घाण गरिबाच्या वाट्याला. ही विभागणी आपल्याला नवी नाही.

कचऱ्याने मशीन हळू चालते, एवढ्यावर हे थांबत नाही. जून २०१५ मध्ये पॅट्रिक बार्कर या संशोधकाने दाखवले की सॅमसंगच्या लॅपटॉपमधला ‘एसडब्ल्यू अपडेट’ हा प्रोग्राम एक छोटी फाईल उतरवून घेतो. तिचे नावच ‘डिसेबल विंडोअपडेट’. ती विंडोजचे आपोआप होणारे अपडेट बंद करायची. वापरणाऱ्याने ते पुन्हा चालू केले, तरी मशीन रीस्टार्ट झाल्यावर ते परत बंद. कंपनीने आधी आरोप नाकारला, मग काही दिवसांत दुरुस्ती देऊ असे सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेनोवोच्या लॅपटॉपमधला ‘सुपरफिश’ उघडा पडला. जाहिराती घुसवण्यासाठी तो बँकेच्या सुरक्षित संकेतस्थळाच्या आणि आपल्या मध्ये जाऊन बसायचा. सगळ्या मशीनवर त्याची किल्ली एकच होती, आणि ती चोरांनाही सापडण्यासारखी होती. ऑगस्टमध्ये कळले की लेनोवोच्या काही मॉडेलमध्ये विंडोज नव्याने टाकले तरी कंपनीचा प्रोग्राम बायोसमधून परत येऊन बसतो. घर धुवून काढले, तरी भाडेकरू भिंतीतूनच बाहेर यावा, तसे.

मी पेण तालुक्यात, डोलवीच्या आसपास काम करते. इथे पोलाद कारखाना आहे, त्यामुळे कंत्राटी कामाला जाणारी पोरे आहेत, आणि कॉलेजला जाणारी पहिली पिढीही आहे. आमच्या अभ्यासिकेतल्या एका जुन्या लॅपटॉपवर मुले महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, आईचा मोबाइल नंबर, सगळे त्या एका मशीनमधून जाते. गेल्या वर्षी बीएस्सीला असलेल्या एका मुलीच्या लक्षात आले की त्यावर सात महिने सुरक्षा अपडेट झालेलेच नाही. तिने ते चालू केले. दुसऱ्या दिवशी परत बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, “ताई, कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, राहू द्या. अपडेटने मशीन स्लो होतं.” त्या मुलीने ऐकले नाही. तिने कंपनीचा मदतनीस काढून टाकला, तेव्हा अपडेट चालू राहिले. सात महिने चाळीसेक घरांची कागदपत्रे कोणाच्या भरवशावर होती?

‘अपडेट नाही झाले तर काय होते?’ असे विचारणाऱ्यांसाठी दूर जायची गरज नाही. सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडते, ते बुजवणारे अपडेट येते. पण अपडेट आले की भोक कुठे होते हे चोरांनाही कळते. विंडोजमधले एक मोठे भोक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला बुजवले. १२ मे रोजी त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ जगभर शिरला. ज्यांनी अपडेट केले नव्हते ते सापडले. जूनअखेर ‘नॉटपेट्या’ आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून घुसला, आणि पुढे ते जुने भोक व चोरलेले पासवर्ड वापरून पसरला. मर्स्क कंपनी ठप्प झाली, आणि तिच्या समूहाने चालवलेले न्हावा शेवा बंदरातले टर्मिनलही ठप्प झाले. न्हावा शेवा म्हणजे आपलाच रायगड जिल्हा. बंदराला सावरायला तज्ज्ञ येतात. आपल्या अभ्यासिकेतल्या मुलीचे खाते रिकामे झाले, तर तिच्यासाठी कोण येणार?

आता मूळ मुद्दा. विंडोजची सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टकडून थेट माझ्या यंत्रात यायला हवी. मध्ये तिसरा बसतो आणि ठरवतो की ती यावी की नाही. कोकणातल्या माणसाला हा तिसरा ओळखू यायला हवा. तो खोत आहे. सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये बसून सारा गोळा करणारा, स्वतःचा वाटा वाढवणारा, वेठ घेणारा. त्याच्याविरुद्ध याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीत, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. त्याचे सार हेच होते की मधला दूर करा आणि कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडा. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

तुलना ताणू नये हे मला कळते. खोताने माणसे उपाशी ठेवली, लॅपटॉपमधल्या प्रोग्रामने तसे केलेले नाही. आणि मायक्रोसॉफ्टही आपला सोयरा नाही. पण रचना तीच आहे: माझ्या नावावरच्या गोष्टीवर दुसऱ्याचा हुकूम, आणि तो मला न विचारता.

दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की कंपनीचा हेतू वाईट नव्हता. विंडोजने टाकलेले ड्रायव्हर चालणार नाहीत म्हणून अपडेट थांबवले असेल. असेलही. मग ग्राहकाला विचारा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. ‘तुमच्या भल्यासाठीच तुमचा अधिकार आमच्याकडे’ हे वाक्य आपल्या समाजाने हजारो वर्षे ऐकले आहे. दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा: अत्याचार चालू असताना हे कसले विषय? मित्रांनो, आज शिष्यवृत्ती, रेशन, दाखला, नोकरीचा अर्ज, सगळे स्क्रीनवरून जाते. ज्या दारातून हक्क येतो त्या दाराची कडी कोणाच्या हातात आहे, हा चळवळीचाच विषय आहे.

विरोध केला तर फरक पडतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच टाकून देण्याचा आदेश कंपन्यांना दिला. देशभर आवाज उठला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घ्यावी लागली. कंपन्यांच्या बाबतीत असा आवाज आपण का उठवत नाही?

तोपर्यंत हातात आहे ते करू. सेटिंगमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा आणि शेवटचे अपडेट कधी झाले ती तारीख वाचा. महिन्याहून जुनी असेल तर चौकशी करा. ॲपच्या यादीत जाऊन कंपनीने भरलेले, आपण न मागितलेले प्रोग्राम काढा. एक काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग पुढचा. मोबाइलमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. जुन्या मशीनला विंडोज ११ झेपत नसेल तर उबंटूसारखी मोफत प्रणाली टाकता येते, बहुतेक अर्ज ब्राउझरमधूनच भरले जातात. कुणी अभ्यासिकेला लॅपटॉप देत असेल तर आभार माना, पण स्वच्छ करून द्या असे लेखी मागा. दान घेतो म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असे कुठे लिहिलेले नाही.

आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, वंदनेनंतर, मुले सगळ्यांचे मोबाइल आणि लॅपटॉप तपासतात. अर्धा तास लागतो. पुढे ती बीएस्सीची मुलगी बसलेली असते, आणि मोठी माणसे रांगेत. तुमच्या विहारातही हे सुरू करा.

जय भीम!