मोडायचेच तर कुठे

चिखलात किंवा ओढ्याच्या रेतीत रुतलेली गाडी तिच्याच जोरावर ओढून काढण्यासाठी तिच्या पुढच्या तोंडाला जे यंत्र बसवतात त्याला विंच म्हणतात, आणि हा जोर बॅटरीवरच्या मोटरीकडून न घेता गिअरबॉक्समधून फिरत्या दंडाने थेट आणलेला असेल तर तो यांत्रिक विंच होय. बाहेरून पाहणाऱ्याला एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला पोलादी दोर आणि दोराच्या टोकाचा आकडा एवढेच दिसत असल्यामुळे विंच बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात कारागीर जोराची एक वाट बांधत असतो. ती इंजिनापासून निघून दंड, गिअर, ड्रम आणि दोर यांतून झाडापर्यंत जाते आणि झाडाने धरलेला तोच ताण ड्रमच्या बैठकीतून चासीवर येतो. या वाटेवर कधी काही मोडायची वेळ आलीच तर आधी काय मोडावे आणि ते कुठे मोडावे, हे जोडणीच्या दिवशीच ठरवून ठेवणे हा या कामातला सर्वांत जबाबदारीचा भाग आहे.

उदाहरण म्हणून विलिसच्या जीपचा विचार करता येईल, कारण महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत याच घराण्याच्या जीपा जोडल्या आणि पुढे बनवल्या, आणि त्यांतल्या कित्येक आजही सह्याद्रीतल्या पांदणींतून फिरताना दिसतात. या जीपच्या गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी; तिच्या मागच्या अंगाला एक झाकण असून ते काढले की गिअरबॉक्सच्या मुख्य दंडाचे टोक हाती लागते. तिथून इतर यंत्रांसाठी जोर घेण्याच्या सोयीला पीटीओ म्हणतात, आणि ट्रॅक्टरमुळे हा शब्द आता शेताच्या बांधावरही रुळला आहे. या रचनेचा मोठा गुण असा की, ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवली तर चाके थांबलेली असतानाही गिअरबॉक्सचे सगळे गिअर विंचला मिळतात, त्यात ड्रम उलटा फिरवायला रिव्हर्सही मिळतो, आणि ट्रान्सफर केस गिअरमध्ये टाकली तर चाकेही ओढण्याला हातभार लावतात.

हा जोर किती असतो, हे एकदा कागदावर मांडून पाहिलेले बरे. या जीपच्या 2.2 लिटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे दंडाला पिळून फिरवणारा जोर, सुमारे 140 न्यूटन-मीटर असतो आणि पहिल्या गिअरमध्ये तो साधारण 2.8 पट होतो. विंचच्या पेटीतले गुणोत्तर 30 धरले आणि घर्षणात साठ टक्के जोर गेला असे मानले, तरी ड्रमवर 4,700 न्यूटन-मीटर उरतात. दोराच्या पहिल्या थराचे अंतर ड्रमच्या मध्यापासून 37.5 मिलिमीटर असेल, तर दोरावरची ओढ साडेबारा टनांच्या वर जाते. दहा मिलिमीटर जाडीचा पोलादी दोर सुमारे सहा टनांवर तुटतो आणि रिकामी जीप जेमतेम अकराशे किलोची असते. अर्थात इंजिनाला मनसोक्त ओढू दिले तर ते दोर तोडेल किंवा चासी वाकवेल, पण स्वतः थांबणार नाही. विजेच्या विंचची मोटर जास्त ओझे आले की मंदावते, बॅटरीही दमते, त्यामुळे तिथे अतिरेकाला थोडी तरी आपसूक वेसण असते. यांत्रिक विंचला ती कारागिराने घालावी लागते.

जुन्या ब्रिटिश लँड रोव्हरवर बसवल्या जाणाऱ्या कॅपस्टन विंचमध्ये ही वेसण माणसाच्या हातात असे. कॅपस्टन म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून सावकाश फिरवले जाणारे उभे पिंप. त्यावर दोराचे दोन-तीन वेढे देऊन मोकळे टोक चालक हाताने ताणून धरी. घर्षणाचा गुणांक 0.2 असेल तर तीन वेढ्यांत हाताची ओढ सुमारे 43 पट वाढते, म्हणजे दहा किलोच्या ताणावर चारशे किलोंहून अधिक ओढले जाते, आणि हात सैल सोडला की वेढे घसरून ओढ जवळजवळ नाहीशी होते. या साधेपणात एक मोठी माया होती. ड्रमच्या विंचमध्ये दोराचे टोक ड्रमलाच बांधलेले असल्याने हात सैल सोडण्याची सोय उरत नाही, आणि तिची जागा एका छोट्या पिनेला घ्यावी लागते.

तिला शिअर पिन म्हणतात. रोटाव्हेटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला तिची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही, कारण दगड लागला की शाफ्टवरचा शिअर बोल्ट कातरून तुटतो आणि गिअरची पेटी वाचते, हे त्याने पाहिलेले असते. विंचवर ही पिन कुठे बसवायची, हा मात्र अधिक नाजूक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विंचच्या पेटीच्या आतल्या रचनेत सापडते. तिथे वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे पाडलेला पोलादी दंड, आणि त्यावर फिरणारे ब्राँझचे दातेरी चाक असते. वर्म फिरवला की चाक फिरते, परंतु चाक ओढून वर्म फिरत नाही. आट्यांचा उतार मुद्दाम इतका कमी ठेवलेला असतो की घर्षणच त्याला अडवते. या अडवण्याची किंमत म्हणून निम्म्याहून अधिक जोर उष्णतेत जातो, पण चढावर दोराला टांगलेली गाडी मागे घरंगळत नाही ती या अडवण्यामुळेच, आणि धक्क्यांनी वर्म हळूहळू उलटा सरकू नये म्हणून त्याच्या दंडावर एक छोटा ब्रेकही दिलेला असतो.

म्हणूनच पिनेची जागा वर्मच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट जिथे वर्मच्या दंडाला मिळतो त्या सांध्यात असावी लागते. तिथे पिन तुटली तर इंजिनाचा जोर तेवढा सुटतो. वर्म, ब्रेक आणि ड्रम जागच्या जागी राहतात, दोर ताणलेलाच राहतो आणि उतारावरची गाडी आहे तिथे थांबते. हीच पिन वर्मच्या पलीकडे, ड्रमच्या दंडात घातली तर ती तुटताक्षणी ड्रम मोकळा होऊन गाडी मागे सुटेल. एकच पिन, जाडीही तीच, परंतु हातभर इकडेतिकडे बसवल्याने एका ठिकाणी ती जीव राखते आणि दुसऱ्या ठिकाणी जीव घेऊ शकते.

पिनेला दोराची ओढ कळत नाही, तिला फक्त शाफ्टचा पीळ कळतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. वरच्याच ड्रमवर दोराचे चार थर असतील तर चौथ्या थराचे अंतर मध्यापासून 67.5 मिलिमीटर होते आणि तेवढ्याच पिळात ओढ पहिल्या थराच्या 56 टक्क्यांपर्यंत उतरते. त्यामुळे पिनेचा हिशेब पहिल्या थरावर करायचा असतो, जिथे दोरावर सर्वांत जास्त ताण येतो; मग भरलेल्या ड्रमवर ती लवकर तुटते आणि चालकाला पिन कमजोर असल्याचा भास होतो. अशा वेळी अधिक दोर सोडून खालच्या थरावर यावे किंवा कप्पी लावून दोर दुहेरी करावा. तसे न करता हाताशी असलेला हाय-टेन्साइल बोल्ट तिथे ठोकून देण्याची चाल गॅरेजांतून फार दिसते आणि ती मनापासून निषेधार्ह वाटते. त्या बोल्टने पिनेचे काम दोराकडे जाते, आणि पाच-सहा टनांवर तुटलेला पोलादी दोर ज्या वेगाने परत येतो त्यापुढे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पायांचे काही चालत नाही.

शाफ्टची जोडणी हे संयमाचे काम आहे. पीटीओचा जोर मागच्या तोंडातून घेतलेला असल्यामुळे तो एका छोट्या पेटीतून वळवून इंजिनाशेजारून पुढे आणावा लागतो, आणि या वाटेत सायलेन्सरचा पाइप, स्टिअरिंगचे दांडे आणि पुढचा अॅक्सल सगळेच आडवे येतात. त्यातही इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर हलत असतात, तर विंच चासीला घट्ट बांधलेला असतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात फिरू देणारा सांधा, आणि मध्ये लांबी कमी-जास्त होऊ देणारा खाचांचा सरकता जोड द्यावा लागतो. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे आणि त्यांचे शाफ्टवरचे फाटे एका रेषेत नसतील तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसके देतो आणि वर्मचे बेअरिंग अकाली वाजू लागते. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना सगळे नीट दिसते. पण पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर पूर्ण भार देऊन अॅक्सल वर दाबून पाहिल्याशिवाय तो शाफ्टला घासतो की नाही हे कळत नाही.

चासीच्या बाबतीत एकच गोष्ट आग्रहाने सांगण्यासारखी आहे. जीपची चासी पत्र्याच्या चॅनेलची असते आणि तिचा वाकण्याला होणारा विरोध मुख्यतः वरच्या व खालच्या पट्टीत असतो. बोल्टांची भोके त्या पट्ट्यांत पाडली तर नेमके बळ जिथे आहे तिथेच ते कापले जाते. भोके उभ्या बाजूत पाडावीत, चॅनेल आवळताना आत चेपू नये म्हणून नळीचे तुकडे घालावेत आणि बोल्ट 8.8 ग्रेडच्या खालचे वापरू नयेत. विंचचे वजन पुढच्या पाट्यांवर कायमचे राहणार असल्यामुळे गाडीचे तोंड किती खाली आले, हे जोडणीच्या आधी आणि नंतर मोजून पाहावे. रेडिएटरच्या हवेची वाटही मोकळी राहायला हवी.

जोडणी संपल्यावर पेटीत गिअरचे तेल भरून पहिली ओढ मोकळ्या मैदानात आणि उताराशिवाय घेतली जाते. प्रत्येक बोल्टच्या माथ्यावरून चासीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढलेली असते, म्हणजे ताणाखाली काही सरकले तर रेघ मोडलेली दिसते. झाडाची साल सोलू नये म्हणून रुंद पट्टा बांधायचा, ताणलेल्या दोरावर ओले गोणपाट टाकायचे, ड्रमवर किमान पाच वेढे राखायचे आणि हॅंड थ्रॉटलने इंजिन मंद ठेवून हाताच्या एका खुणेवर क्लच दाबायला चालक तयार ठेवायचा. ओढ संपली की दोर हलक्या ताणाखाली वेढ्याला वेढा लावून पुन्हा गुंडाळतात, कारण सैल गुंडाळलेल्या थरात पुढच्या वेळी वरचा वेढा रुतून बसतो. कातड्याचे हातमोजे घातलेला हात तेव्हा तुटलेल्या तारांची कुसळेही शोधत असतो. मग शिअर पिन मुद्दाम काढून पाहायची. तिच्यावर कातरण्याची पुसटशी पायरी उमटलेली असेल तर ती तिथेच टाकून नवी घालायची, आणि त्याच जाडीच्या, त्याच मऊ धातूच्या चार पिना तेलकट फडक्यात गुंडाळून हातोडी आणि सुंभ्यासह चालकाच्या सीटखाली ठेवायच्या.